एका मिनिटाचे अकरा जीबी

दत्तजयंतीच्या दिवशी वऱ्हाडातल्या कारंज्याच्या गुरुमंदिरासमोर उभे राहा आणि मोबाइलवर एक मिनिटाचा व्हिडिओ काढा. साधा, फुल एचडी. आता थोडं गणित करू. पडद्यावर आडवे १,९२० ठिपके, उभे १,०८०; म्हणजे एका चित्रात २०,७३,६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाला एकेक बाइट धरला, तर एका चित्राला ६२ लाख बाइट लागतात. सेकंदाला अशी ३० चित्रं, मिनिटाला १,८००. सगळं मिळून किती झालं? ११ जीबीच्या वर!

आता मोबाइलमधली ती फाइल उघडून तिचा आकार बघा. सव्वाशे ते दीडशे एमबी. म्हणजे असायला हवी त्याहून पाऊणशे ते नव्वदपट लहान. आणि तरीही पालखी दिसते, पालखीवरची फुलं दिसतात, गर्दीतल्या आजींच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्यासुद्धा दिसतात. मग उरलेलं सगळं गेलं कुठे?

सेकंड हँड कॉम्प्युटर घ्यायला निघालेल्या माणसानं बाजारात पाऊल टाकण्याआधी हे कोडं सोडवावं, असं मला मनापासून वाटतं. कारंज्यात लग्नांचं शूटिंग करणारी पोरं आहेत, सोयाबीन-तुरीच्या पेरणीपासून कापूसवेचणीपर्यंत शेताचे व्हिडिओ करणारे शेतकरी आहेत, शाळेच्या स्नेहसंमेलनाची चित्रफीत बसवणारे शिक्षक आहेत. हातात समजा पंचवीस हजार रुपये आहेत. एवढ्यात कोणता पीसी घ्यावा, याचं उत्तर दुकानाच्या पाटीवर सापडत नाही. ते तुमच्या मोबाइलमधल्या त्या दीडशे एमबीत दडलेलं आहे.

पहिली किमया आपल्या डोळ्यांतच आहे. माणसाच्या डोळ्याला उजेड-अंधारातला फरक फार बारीक कळतो, रंगातला तेवढा कळत नाही. म्हणून कॅमेरा प्रत्येक ठिपक्याची उजळता जपून ठेवतो, पण रंगाची माहिती चार ठिपक्यांत मिळून एकदाच लिहितो. इतक्यानंच निम्मा डेटा गळतो. अकराचे साडेपाच जीबी झाले आणि तुम्हाला पत्ताही लागला नाही! आजवर पाहिलेला जवळपास प्रत्येक व्हिडिओ तुम्ही असा पाव रंगातच पाहिलेला आहे.

दुसरी किमया गणिताची, आणि तिच्या मुळाशी आपल्याकडचीच माणसं आहेत. नासिर अहमद १९४० मध्ये बंगळूरला जन्मले, तिथल्या विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले आणि पुढे अमेरिकेत कॅन्सस राज्य विद्यापीठात शिकवू लागले. चित्राचा लहानसा चौकोन घ्यायचा, आठ बाय आठ ठिपक्यांचा, आणि तो ६४ ठरावीक नक्ष्यांच्या मिश्रणातून मांडायचा, ही आजची रीत त्यांच्याच कल्पनेतून आली. त्या कल्पनेसाठी त्यांनी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे पैसे मागितले. नकार आला. त्यांनी काम सोडलं नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्याबरोबर जानेवारी १९७४ मध्ये त्यांनी शोधनिबंध छापला. जेमतेम चार पानांचा!

त्या चार पानांतल्या गणितानं काय साधलं? खऱ्याखुऱ्या चित्रांत, म्हणजे आभाळ, भिंत, साडीचा काठ, कपाळ अशा कशातही, शेजारशेजारचे ठिपके बहुतेक सारखे असतात. त्यामुळे ६४ नक्ष्यांपैकी मोजक्याच नक्ष्यांचं वजन मोठं निघतं. बाकीच्यांचं इतकं किरकोळ असतं की ते शून्य धरलं तरी डोळ्याला फरक कळत नाही. चौसष्ट आकड्यांच्या जागी पाच-सहा आकडे लिहिले की काम झालं. आपण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो तो जेपीईजी फोटो याच गणितावर उभा आहे, आणि २००३ साली ठरलेली एच.२६४ ही व्हिडिओची पद्धत त्याच गणिताचं पूर्णांकी रूप वापरते. कारंज्यातल्या एखाद्या लग्नाचा व्हिडिओ पुण्याच्या आत्याला पोचतो, तेव्हा वाटेत कुठेतरी ती चार पानं कामाला आलेली असतात.

तिसरी किमया सगळ्यांत देखणी आहे, आणि तुमच्या पंचवीस हजारांचं भवितव्य तीच ठरवते.

पालखी पुढे सरकतेय. या क्षणाचं चित्र आणि सेकंदाच्या तिसाव्या भागानंतरचं चित्र यांत फरक कितीसा? मंदिराची भिंत तिथेच, कमान तिथेच. पालखी तेवढी तीन ठिपके उजवीकडे गेली. मग अख्खं चित्र पुन्हा कशाला लिहायचं? मोबाइल फक्त एवढंच टिपून ठेवतो : ‘हा चौकोन मागच्या चित्रातून उचला, तीन ठिपके उजवीकडे ठेवा.’ तेही ठिपक्याच्या पाव भागापर्यंत अचूक! सेकंदातून साधारण एकदा पूर्ण चित्र लिहायचं आणि मधल्या चित्रांत नुसते बदल.

कापसाच्या अडतीवरची किर्द डोळ्यांसमोर आणा. महिन्याच्या सुरुवातीला आरंभीची शिल्लक एकदाच लिहिलेली असते. त्यानंतर रोजचं जमा आणि रोजचं नावे. वही किती आटोपशीर राहते! पण कुणी मध्येच विचारलं, ‘सतरा तारखेला तिजोरीत किती होते?’ तर उत्तर वहीत कुठेच लिहिलेलं नसतं. पहिल्या तारखेपासून बेरीज-वजाबाकी करत सतराव्यापर्यंत यावं लागतं.

व्हिडिओ बघणं आणि व्हिडिओ कापणं यांतला फरक नेमका इथे आहे. बघताना आपण पहिल्या पानापासून पुढे जातो, हिशोब आपोआप होत राहतो. साधा मोबाइलसुद्धा हे सहज करतो. एडिटिंग करताना मात्र आपण सतत ‘सतरा तारीख’ विचारत असतो. इथून कापू का? नको, जरा मागे. अजून एक चित्र मागे. नवरीनं मान वर केली तो क्षण कुठे गेला? समजा, त्या तुकड्यात ३० चित्रं आहेत आणि तुम्ही शेवटच्या चित्रापासून एकेक पाऊल उलटं येताय. तिसावं चित्र दाखवायला यंत्र तीस चित्रांचा हिशोब करतं, एकोणतिसावं दाखवायला एकोणतीस चित्रांचा, आणि असंच पहिल्यापर्यंत. आधीचं काहीच लक्षात ठेवलं नाही तर एक सेकंद मागे जायला ४६५ चित्रं उलगडावी लागतात! त्यात कॅमेरे काही चित्रं पुढच्या चित्राच्या आधारानंही लिहितात. म्हणजे आत्ताचं दाखवायला पुढचं आधी उलगडायचं. आणि लग्नाला कॅमेरे दोन असले तर हे सगळं दुप्पट.

‘पिक्चर तर मस्त चालतो, पण एडिटिंगला बसलं की हँग होतो,’ ही तक्रार यातूनच येते. त्यात यंत्राचा आळस नाही. आपण त्याला विचारतो तो प्रश्नच अवघड असतो.

मग या प्रश्नाचं उत्तर झटपट कोण देतं? प्रोसेसर देऊ शकतो, पण तो सगळी कामं करणारा गडी आहे. प्रत्येक पायरी वाचून, समजून मग करतो. जानेवारी २०११ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या, दुकानदारांच्या भाषेत ‘सेकंड जनरेशन’च्या, कोअर चिपांमध्ये इंटेलनं एक वेगळीच गोष्ट केली. चार गाभ्यांच्या त्या चिपवर सुमारे शंभर कोटी ट्रान्झिस्टर होते. त्यातला लहानसा कोपरा त्यांनी एकाच कामाला वाहिला : व्हिडिओ उलगडणं आणि पुन्हा बांधणं. नाव ठेवलं क्विक सिंक. या कोपऱ्याला दुसरं काहीच येत नाही. एक्सेलची बेरीज येत नाही, गेम चालवता येत नाही. पण नासिर अहमदांचं गणित, पालखीचे ते सरकलेले चौकोन आणि रंगांची वाटणी हे सगळं तिथे तारांच्या रचनेतच कोरलेलं आहे. वाचायचं नाही, समजून घ्यायचं नाही; आकडे एका बाजूनं आत जातात, चित्र दुसऱ्या बाजूनं बाहेर. वीजही नाममात्र लागते.

ऑफिसात हिशोब आणि पत्रं टाइप करायला घेतलेल्या लाखो पीसींमध्ये हा कोपरा वर्षानुवर्षं जवळपास रिकामा बसून होता! डेलचे ऑप्टिप्लेक्स, एचपीचे प्रोडेस्क आणि एलिटडेस्क, लेनोव्होचे थिंकसेंटर हे काळेकरडे, दिसायला अगदी सामान्य डबे. त्यांना कुणी कधी व्हिडिओ उलगडायला सांगितलंच नाही.

पण सगळ्या पिढ्यांना सगळे व्हिडिओ उलगडता येत नाहीत, आणि पिढीचा आकडा एवढा महत्त्वाचा ठरतो तो यामुळेच. एच.२६४ दुसऱ्या पिढीपासून जमतं. नवे मोबाइल मात्र फाइल आणखी लहान करणाऱ्या एचईव्हीसी पद्धतीनंही लिहितात. ती उलगडणं २०१५ च्या सहाव्या पिढीला साधारण जमलं. तिचा दहा बिटांचा, रंगांच्या जास्त छटांचा प्रकार सातवीपासून. आठवीत आणखी एक नवल घडलं. डेस्कटॉपच्या आय-फाइव्हमध्ये कित्येक वर्षं चारच गाभे असायचे. मार्च २०१७ मध्ये एएमडीनं रायझन आणला, स्पर्धा पेटली, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात इंटेलनं आय-फाइव्हला एकदम सहा गाभे दिले.

यंत्रावरचं स्टिकर वाचताना हे लक्षात ठेवा. ‘आय-सेव्हन’ हे नाव ठळक दिसतं, पण त्याच्यापुढचा आकडा जास्त बोलतो. ८५०० म्हणजे आठवी पिढी, १०५०० म्हणजे दहावी. चौथ्या पिढीचा आय-सेव्हन आणि आठव्या पिढीचा आय-फाइव्ह शेजारी ठेवले असतील, तर माझं बोट कसलाही विचार न करता आय-फाइव्हकडे जाईल.

आठव्या पिढीवर मी एवढा जोर देतोय त्याला आणखी एक कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. विंडोज ११ अधिकृतपणे चालवायला इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा पुढची लागते. एका तारखेनं जगभरच्या कार्यालयांतले किती डबे जुने ठरवले असतील, विचार करा! सहाव्या-सातव्या पिढीचे पीसी त्यामुळे स्वस्त मिळतात, आणि अगदीच हात आखडता असेल तर लिनक्स टाकून ते वापरताही येतात. पण तीन ते पाच वर्षं झाली की यंत्रं बदलायची, या कंपन्यांच्या शिरस्त्यानं आठवी, नववी, दहावी पिढीसुद्धा मोठ्या संख्येनं बाजारात उतरली आहे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचं नेहरू प्लेस, नागपूरची सीताबर्डी इथून ती अकोला-अमरावतीच्या दुकानांपर्यंत झिरपते. समृद्धी महामार्गाचा कारंज्याचा फाटा झाल्यापासून तर नागपूरला जाऊन स्वतः पारखून आणणंही एका दिवसाचं काम झालंय.

आता सापळे. आकड्यामागचं इंग्रजी अक्षर बघा. ‘एफ’ असेल, उदाहरणार्थ ९४००एफ, तर त्या चिपमधलं चित्राचं अंग, म्हणजे ग्राफिक्स, बंद असतं आणि क्विक सिंकही त्याबरोबर गेलेलं असतं. ‘टी’ म्हणजे कमी विजेची, ३५ वॅटची चिप. वीतभर लहान डब्यांत तीच असते आणि रेंडरला, म्हणजे तयार व्हिडिओची फाइल काढायला, जास्त वेळ घेते. लॅपटॉपमधली ‘यू’ साधारण १५ वॅटची.

दुसरा सापळा फार मोहक आहे. बाजारात झिऑनवाली जुनी वर्कस्टेशनं मिळतात. बारा-बारा गाभे, भक्कम लोखंडी कॅबिनेट, एके काळी किंमत लाखांत. हात लावला तरी वजन जाणवतं. पण त्यांच्या ई-फाइव्ह मालिकेतल्या चिपांत चित्राचं अंगच नसतं, म्हणून क्विक सिंकही नाही. मोबाइलवरचा फोर-के, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांचा, व्हिडिओ एडिटिंगच्या टाइमलाइनवर टाकला की हा पहिलवान धापा टाकतो, आणि शेजारचा ऑफिसातला डबा तोच व्हिडिओ शांतपणे चालवतो. किती विलक्षण आहे हे! ताकद तिकडे जास्त आहे, पण नेमकी हवी ती कला इकडे आहे.

तिसरा सापळा ‘ग्राफिक कार्ड बसवून देतो’ या वाक्यातला. जीटी १०३० हे कार्ड स्वस्त म्हणून सर्रास लावतात. त्याला व्हिडिओ उलगडता येतो, पण बांधून फाइल काढायचं एनव्हिडियाचं सर्किट त्यात नाही. त्यापेक्षा वापरलेलं जीटीएक्स १०५० टीआय मिळालं तर बघा. त्याची चार जीबी मेमरी रंगकामाला उपयोगी पडते, आणि बहुतेक मॉडेलं मदरबोर्डच्या खाचेतून मिळणाऱ्या ७५ वॅटवरच चालतात. ऑफिसच्या डब्यांतला एसएमपीएस लहान आणि कंपनीच्या खास मापाचा असतो, तो बदलणं कटकटीचं. म्हणून हे ७५ वॅट मोलाचे. मात्र कॅबिनेट बारकं असेल तर कार्डही अर्ध्या उंचीचं लागेल, नाहीतर झाकण लागणार नाही. सुरुवातीला कार्ड न घेताही काम भागतं, असं माझं स्पष्ट मत आहे. उरलेले पैसे रॅमवर घाला.

रॅम का? एडिटिंगची चांगली सॉफ्टवेअर्स रंगकाम करताना चित्र उलगडून प्रत्येक ठिपक्याला सोळा बाइट देतात, म्हणजे कितीही रंगसंस्कार केले तरी छटा तुटत नाहीत. फोर-केच्या एका चित्रात जवळपास ८३ लाख ठिपके. गुणाकार करा : एक चित्र जवळपास १३३ एमबी, आणि एक सेकंद? चार जीबी! मोबाइलमध्ये जी फाइल सेकंदाला पाच-सहा एमबी होती, ती टाइमलाइनवर येताच अशी फुलते. आठ जीबी रॅम का गुदमरते, ते आता दिसलं. सोळा हवीच, आणि तीही आठ-आठच्या दोन पट्ट्यांत. दोन पट्ट्या असल्या की माहितीला दोन वाटा मिळतात. ज्या पीसीत वेगळं ग्राफिक कार्ड नाही तिथे चित्राचं अंगसुद्धा याच रॅमवर जगतं, म्हणून दुसऱ्या वाटेचा फायदा तिथे जास्त.

डिस्कचं थोडक्यात सांगतो. जुनी हार्ड डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेते, एक फेरा साधारण आठ मिलिसेकंदांचा. टाइमलाइनवर तुम्ही इकडून तिकडे उडी मारली की तिच्या सुईला सरकावं लागतं आणि चकती फिरून येण्याची वाट बघावी लागते. एसएसडीत फिरणारं काहीच नाही. इलेक्ट्रॉन एका निरोधक कप्प्यात कोंडून ठेवलेले असतात आणि वीज बंद असली तरी ते बराच काळ तिथेच बसून राहतात. विंडोज आणि चालू काम एसएसडीवर, झालेलं काम हार्ड डिस्कवर. जुनी एसएसडी मिळत असेल तर नको म्हणा, नवी घ्या. संपूर्ण यंत्रात नवी घ्यावी अशी हीच एक वस्तू.

आता आपल्या वऱ्हाडातला प्रश्न. हे पीसी ज्या ऑफिसांतून येतात तिथे बहुधा एसी असतो, चोवीस-पंचवीस अंशांचा. आपल्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीसवर जातो. चिप ठरावीक वीज खाते तेव्हा ती भोवतालच्या हवेपेक्षा ठरावीक अंशांनीच जास्त तापते. ऑफिसात रेंडर करताना जी ७५ अंशांवर राहायची, तीच कारंज्याच्या पत्र्याच्या खोलीत ९५ ला पोचणार. शंभरच्या आसपास ती स्वतःला वाचवायला आपोआप वेग कमी करते. यंत्र बिघडलेलं नसतं, ते शहाणपणानं वागत असतं! त्यात कापसाचा हंगाम. जिनिंगच्या परिसरात हवेत तरंगणारे बारीक तंतू पंख्यातून आत जातात आणि थंड करणाऱ्या पात्यांवर त्यांची गादी बसते. म्हणून पीसी घेताना झाकण उघडून बघा, प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट नव्यानं लावून मागा, आणि दर हंगामानंतर ब्लोअरनं साफ करा. याच कारणासाठी, फिरायची गरज नसेल तर, मी लॅपटॉपऐवजी डेस्कटॉप सुचवेन. उष्णता बाहेर जायला त्यात जागा असते. लॅपटॉपच हवा असेल तर थिंकपॅड टी-४८० सारखं ऑफिसचं मॉडेल घ्या. त्याची रॅम आणि बॅटरी घरी बदलता येते.

आणि समजा, एवढं करूनही फोर-के अडखळला? किंवा आणलंत ते सॉफ्टवेअर क्विक सिंक वापरतच नसेल? सगळी मोफत सॉफ्टवेअर्स वापरतात असं नाही. मग एक जुनी, सुंदर युक्ती आहे. रिळांच्या काळात मूळ निगेटिव्हला कात्री लावत नसत. तिच्यावरून काढलेली वर्कप्रिंट कापायचे, जोडायचे, पुन्हा कापायचे. सगळं मनासारखं जमलं की रिळाच्या कडेला छापलेल्या आकड्यांवरून मूळ निगेटिव्ह तशीच, एकदाच कापायचे. आजचं सॉफ्टवेअर हेच करतं आणि त्याला प्रॉक्सी म्हणतात. तुमच्या फोर-के व्हिडिओची ९६० बाय ५४० ची एक लहान प्रत बनते. ठिपके सोळाव्या हिश्शाचे. वर ही प्रत अशा पद्धतीनं लिहिता येते की तिचं प्रत्येक चित्र पूर्ण असतं. रोज शिल्लक लिहिलेली किर्द! मागे जा, पुढे जा, कुठेही कापा, यंत्र क्षणात उत्तर देतं. शेवटी फाइल काढताना सॉफ्टवेअर मूळ व्हिडिओ उचलतं आणि तेच काप तिथे लावतं. प्रती बनायला वेळ लागतो, म्हणून रात्री लावून झोपायचं. केडेनलाइव्हमध्ये हे आहे, शॉटकटमध्ये आहे, दाविंची रिझॉल्व्हमध्येही आहे.

रिझॉल्व्हचं नवल तर वेगळंच. रंगसंस्काराची ही यंत्रणा एके काळी लाखो डॉलरना विकली जायची, मोठ्या स्टुडिओंनाच परवडायची. २००९ मध्ये ती ब्लॅकमॅजिक कंपनीकडे गेली आणि दोनच वर्षांत तिची मोफत आवृत्ती आली. ज्या अवजारानं मोठमोठ्या सिनेमांना रंग दिला, ते आज कारंज्यातला पोरगा रात्रीत उतरवून घेऊ शकतो. फक्त ते ग्राफिक कार्डावर फार अवलंबून असतं, म्हणून साध्या डब्यावर सुरुवात केडेनलाइव्ह किंवा शॉटकटनं करावी.

मोबाइलच्या व्हिडिओची एक खोड माहीत असू द्या. उजेड कमी झाला की मोबाइल सेकंदाला तीसच्या जागी अठ्ठावीस, सत्तावीस चित्रं घेऊ लागतो. टाइमलाइन मात्र ठोक तीस धरून चालते, आणि मंगलाष्टकांचा आवाज हळूहळू ओठांपासून सुटतो. हँडब्रेक नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमधून फाइल आधी ठरावीक वेगाची करून घेतली की हा त्रास मिटतो.

पंचवीस हजारांतले काही पैसे दोन गोष्टींसाठी बाजूला काढा : एक लहान यूपीएस आणि एक बाहेरची हार्ड डिस्क. वीज गेली तर चालू रेंडर वाया जातं, पण डिस्क गेली तर कुणाचं तरी लग्नच जातं. ते पुन्हा शूट करता येत नाही. आणि प्रतींचं मोल कारंज्याइतकं कुणाला ठाऊक असणार? इथल्या जैन मंदिरांच्या भांडारांत पिढ्यान् पिढ्या हातानं उतरवून घेतलेली हस्तलिखितं जपली गेली. दहाव्या शतकातला पुष्पदंत मान्यखेटला, राष्ट्रकूटांच्या राजधानीत, अपभ्रंश भाषेत काव्यं लिहीत होता. राजधानी गेली, राज्य गेलं. पण त्याचं ‘जसहरचरिउ’ परशुराम लक्ष्मण वैद्यांनी संपादित करून १९३१ मध्ये कारंजा जैन ग्रंथमालेत छापलं, आणि हिरालाल जैनांनी संपादित केलेलं ‘णायकुमारचरिउ’ १९३३ मध्ये आलं. हजार वर्षं हे साहित्य टिकलं, कारण एकाच्या अनेक प्रती होत्या आणि त्या अनेक ठिकाणी होत्या. तुमच्या व्हिडिओची एक प्रत पीसीत, दुसरी बाहेरच्या डिस्कवर, आणि जमलं तर तिसरी दुसऱ्या घरी.

आता दुकानात चला. खिशात पेनड्राइव्ह असू द्या. त्यात तुमच्याच मोबाइलचा आणि तुमच्याच कॅमेऱ्याचा व्हिडिओ, व्हीएलसी प्लेअर आणि डिस्कची तब्येत सांगणारं क्रिस्टलडिस्कइन्फो. डेलचा पीसी असेल तर मागच्या सर्व्हिस टॅगचा नंबर कंपनीच्या साइटवर टाका. यंत्र कारखान्यातून कधी निघालं ते कळतं. सुरू करताना बायॉस पासवर्ड विचारत असेल तर तो काढून मागा. लॅपटॉप असेल तर विंडोज स्वतःच बॅटरीचा अहवाल देते : मूळ क्षमता किती होती, आता किती उरली. बिल घ्या, त्यावर वॉरंटीचे महिने लिहून घ्या.

मग टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जा, जीपीयूवर टिचकी मारा. तिथे ‘व्हिडिओ डिकोड’ नावाचा एक आलेख सपाट पडलेला दिसेल. आता तुमचा व्हिडिओ व्हीएलसीत चालवा. आलेख उठला आणि प्रोसेसरचा टक्का खालीच राहिला, तर चिपमधला तो कोपरा तुमच्या डोळ्यांदेखत जागा झाला आहे. बंगळूरच्या माणसाचं गणित, सरकणारे चौकोन, पाव रंग हे सगळं तो या क्षणी उलगडतोय. आलेख सपाटच राहिला आणि प्रोसेसर शंभराला भिडला, तर दुकानदाराला ग्राफिकचा ड्रायव्हर टाकायला सांगा, व्हीएलसीच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर डिकोडिंग चालू आहे का बघा आणि व्हिडिओ पुन्हा चालवा. तरीही हलला नाही, तर शेजारचा डबा लावायला सांगा.